पाठलागीचं गाणं: तिसरी-चौथीच्या पोरांना लोकगीत आणि राऊंड कसा शिकवायचा

राऊंड शिकवायला घेतला की पहिल्या पाच मिनिटांत निम्मी पोरं कानात बोटं घालतात. शेजारच्या गटाचं ऐकू येऊ नये म्हणून. आणि मग आपलीच ओळ जोरजोरात ओरडायला लागतात, शिरा ताणून. सुरुवातीची दोन वर्षं मी हे चालवून घेतलं, वाटायचं ओळ चुकत नाहीये ना, गट फुटत नाहीये ना, मग झालं की. पण एकदा गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला मागच्या भिंतीला टेकून ऐकलं तेव्हा कळलं की हे गाणं नाहीच, ही चार गटांची मारामारी आहे. दुसऱ्याचं ऐकत ऐकत आपलं धरून ठेवायचं, राऊंडमध्ये शिकायची गोष्ट हीच एक आहे, आणि कानात बोट घातलं की नेमकी तीच निघून जाते. तेव्हापासून माझ्या वर्गात एक नियम पक्का आहे, गाताना कान उघडे. बाकी सगळं त्या नियमाला धरून बसवलंय, ते इथं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडं संगीताच्या तासाला काय घ्यायचं याचं साहित्य फार कमी मिळतं आणि बऱ्याच शाळांमध्ये वर्गशिक्षिकाच संगीतपण बघते, पेटी जेमतेम येणारी.

राऊंड म्हणजे काय ते आधी सोप्यात सांगते. एकच गाणं, सगळ्यांना तेच, पण पहिला गट पहिली ओळ संपवून दुसरीवर गेला की दुसरा गट पहिलीपासून सुरू करतो, मग तिसरा, मग चौथा, आणि चारही ओळी एकाच वेळी एकमेकींवर बसतात. माझ्या वर्गातली पोरं याला पाठलागीचं गाणं म्हणतात आणि मला हे नाव राऊंडपेक्षा जास्त आवडतं, कारण यात पकडायचं नसतं, अंतर ठेवून पळायचं असतं. प्रकार जुना आहे. इंग्लंडमधला एक राऊंड तेराव्या शतकातला आहे, त्याचं हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, त्यात वर चार आवाज एकामागोमाग एक तीच चाल गातात आणि खाली दोन आवाज एक छोटीशी ओळ सारखी घोळवत राहतात.

ही खालची घोळवायची ओळ वाचली आणि मला एकदम आपले झीलकरी आठवले. पोवाड्यात शाहीर पुढं गातो आणि मागं झीलकरी 'जी जी रं जी जी' धरून असतात, गोंधळात तुणतुण्याचा एकच स्वर सगळ्या गाण्याखाली चालू असतो, दिंडीत टाळकऱ्यांचं पालुपद असतं. म्हणजे पुढचा वेगळं काहीतरी म्हणतोय आणि आपण आपलं सोडायचं नाही, ही सवय आपल्या गाण्यात आहेच. आणि आम्ही सोलापूरचे, इथल्या पोराला तर हे लहानपणापासून कानावर असतं. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, आषाढीला दिंड्या बघितल्या नाहीत असं पोर सापडणार नाही, पेशवाईतले शाहीर राम जोशी सोलापूरचे, शाहीर अमर शेख बार्शीचे. त्यामुळं माझा क्रम ठरलेला आहे. आधी लोकगीत एकसुरात, मग त्याच लोकगीताखाली झील, म्हणजे सारखी घोळवायची छोटी ओळ, आणि झील पक्की झाल्यावर राऊंड. मधली पायरी गाळून थेट राऊंडवर उडी मारली की पोरं कानात बोटं घालतात, हे अगदी ठरलेलं आहे.

गाणं कुठलं घ्यायचं

पहिलं बघायचं ते गाण्याचा आवाका. सात-आठ वर्षांच्या पोराला पाच-सहा स्वरांत फिरणारं गाणं आरामात जमतं. आपली हादग्याची, पंचमीची गाणी, फेर धरून म्हणायची गाणी बहुतेक याच आवाक्यात असतात, ओळ छोटी असते, तीच चाल परत परत येते आणि नवीन शब्द फक्त एखाद्या जागी बदलतो. 'ऐलमा पैलमा' म्हणताना बघा, एका पोरीला येत असलं तरी बाकीच्या दोन फेऱ्यांत शिकतात, ही गाणी तशीच घडलीत, फेरात उभं राहून उचलायची.

दुसरं म्हणजे ठेका. सहा मात्रांचा दादरा किंवा आठ मात्रांचा केहरवा, एवढ्यावर वर्षभर भागतं. ज्या गाण्याला बांधलेला ठेका नाही, जसं जात्यावरची ओवी किंवा धनगरी ओवीतला लांबवलेला भाग, ते ऐकायला नक्की द्या पण चाळीस पोरांना एकत्र म्हणायला लावू नका. ओवी एकट्या बाईच्या श्वासावर चालते. तिच्यात टाळ्या घुसवल्या की तिचा जीव जातो, मला तरी ते बघवत नाही.

तिसरं शब्द. हादग्याच्या गाण्यांत सासुरवास भरपूर आहे, मारझोड आहे, वेड्या नवऱ्याची गाणी आहेत. मी ती दुसरीला घेत नाही. चौथीला घेते आणि थांबून बोलते की या बायका हे गाण्यातून का सांगत होत्या, त्यांना दुसरीकडं सांगायला जागा होती का. पोरी फार नीट समजून घेतात, आणि पोरं पण. एखाद्या जातीला किंवा दिसण्याला हिणवणारी ओळ आली तर मात्र ते गाणंच सोडून द्या, गाण्यांना काही तोटा नाही.

गाणी मिळवायची कुठून, तर घरातून. दिवाळीच्या सुट्टीआधी मी एकच होमवर्क देते, आजीकडून नाहीतर शेजारच्या काकूंकडून एक गाणं शिकून या, वहीत लिहायचं नाही, तोंडपाठ आणायचं. जमलं तर घरच्यांच्या मोबाईलवर रेकॉर्ड करून आणायचं, पण आजीला आधी विचारून. परी म्हणून जी पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाची वेबसाईट आहे तिच्यावर जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह आहे, गावोगावच्या बायकांनी म्हटलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या गेल्यात, त्यातल्या ऐकायला मिळतात, ज्यांच्या घरी आता कुणी म्हणणारं नाही त्यांच्यासाठी हे फार मोलाचं आहे.

आणि एक गोष्ट सोलापुरात विसरून चालणार नाही. आपल्या वर्गात सगळी पोरं घरी मराठी बोलत नाहीत. पूर्व भागातल्या शाळेत निम्म्या घरांत तेलुगू असतं, कुठं कन्नड, कुठं उर्दू. पहिल्या वर्षी मी फक्त मराठी गाणी मागितली आणि पंधरा-वीस पोरं रिकाम्या हातानं आली, मान खाली घालून, ते मला आजही टोचतं. आता मी 'तुमच्या घरच्या भाषेतलं' असं स्पष्ट म्हणते. मग काय काय येतं! विणकरांच्या घरातल्या पोरी बतकम्मा या तेलुगू सणाची गाणी आणतात. बतकम्मा आणि हादगा दोन्ही त्याच दिवसांत, नवरात्राच्या आसपास, तिथं फुलांच्या रचलेल्या ढिगाभोवती फेर, इथं पाटावरच्या हत्तीभोवती फेर, दोन्हीकडं टाळ्या आणि दोन्हीकडं बायकाच गाणाऱ्या. एकाच तासाला दोन्ही फेर धरायला लावले तर सांगावं काहीच लागत नाही, पोरं स्वतःच म्हणतात, बाई हे तर आमच्यासारखंच हाय की. तेलुगू गाणं शिकवताना उच्चार मी शिकवत नाही, ज्या पोरीनं आणलंय ती शिकवते आणि मी खाली बसून शिकते.

हंगेरीत झोल्तान कोदाय (1882–1967) नावाचे संगीतकार होऊन गेले, ते आणि बेला बार्टोक गावोगाव फिरून लोकगीतं गोळा करायचे, आणि पुढं कोदाय यांचं म्हणणं असं होतं की पोराचं संगीत त्याच्या मातृभाषेतल्या गाण्यापासून सुरू झालं पाहिजे. त्यांच्या पद्धतीत पहिले शिकवायचे स्वर दोनच असतात, आपल्या भाषेत प आणि ग. याचा मी एक सोपा उपयोग करते, हजेरी गाऊन घेते. 'प ग' वर नाव म्हणायचं, पोरानं 'प ग' वरच 'आले' म्हणायचं. चाळीस पोरांना चार मिनिटं लागतात आणि वर्षभर प्रत्येकाचा एकटा आवाज रोज ऐकायला मिळतो, कोण सुरात आहे, कोण लाजतंय, कुणाचा घसा बसलाय सगळं कळतं, वेगळी परीक्षा घ्यायची गरजच नाही.

सा कुठं धरायचा

याच्यावर दोनच ओळी पण महत्त्वाच्या. बऱ्याच बाई-सर स्वतःच्या गळ्याला सोयीचा सा लावतात आणि पोरं खालच्या पट्टीत घोगरी होतात. गाणं सा पासून वरच्या सा पर्यंत असेल तर पेटीवर पांढरी दोनचा (इंग्लिश D) सा घ्या, गाणं खालच्या प पर्यंत उतरत असेल तर पांढरी चार (F). पुरुष शिक्षकांनी आपल्या खालच्या सप्तकात गायलं तरी चालतं पण पोरांना सूर पेटीवर पोरांच्याच सप्तकात द्या, नाहीतर ती तुमचा खालचा आवाज शोधत बसतात. पेटी नसेल तर मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावा, ते तर पेटीहून बरं.

लोकगीत शिकवण्याची पद्धत

फळ्यावर शब्द लिहू नका, निदान पहिल्या दिवशी नकोच. शब्द लिहिले की पोरं वाचतात, ऐकत नाहीत.

मी गाणं आधी तीनदा स्वतः म्हणते आणि दर वेळी ऐकायला एक काम देते. पहिल्यांदा, यात कुणाकुणाची नावं आली ते सांगा. दुसऱ्यांदा, कुठला शब्द परत परत येतो. तिसऱ्यांदा, ज्या ओळीची चाल सारखी वाटली तिथं हात वर करा. तिसऱ्या वेळेपर्यंत निम्मा वर्ग ओठ हलवायला लागलेला असतो. मग ओळीमागून ओळ, आधी मी मग तुम्ही, पण पोरं म्हणत असताना मी गप्प राहते. हे अवघड जातं, मला माहितीये, आपल्याला सवय असते बरोबर ओढून नेण्याची, पण आपण गात राहिलो तर पोरं आपल्या आवाजावर लोंबकळतात आणि आपल्यालापण त्यांच्या चुका ऐकू येत नाहीत.

ओळ आली की ठोका. इथं दोन गोष्टी वेगळ्या करायच्या, मांडीवर ठोका म्हणजे न बदलणारी मात्रा, आणि टाळी म्हणजे शब्दाची लय. आधी सगळे मांडीवर, मग सगळे टाळीवर, मग अर्धे मांडीवर अर्धे टाळीवर. हे जमलं म्हणजे राऊंडचं अर्धं काम झालं, कारण इथंच पोराला पहिल्यांदा कळतं की शेजारचा वेगळं करतोय आणि तरी आमचं जुळतंय. याला घाई करू नका, मला एका वर्गाला तीन तास लागले आणि दुसऱ्याला दहा मिनिटं. मग फेर धरून चालत म्हणायचं, एका मात्रेला एक पाऊल. वर्गात जागा नसते, बेंच हलवण्यात निम्मा तास जातो, म्हणून मी व्हरांड्यात नाहीतर पटांगणात लिंबाच्या झाडाखाली नेते. पण हे जानेवारीपर्यंतच. मार्चनंतर सकाळची शाळा सुरू झाली की पहिल्या दोन तासांत जे गायचं ते गाऊन घ्या, नंतरच्या उन्हात पोरांचे घसे सुकलेले असतात, पाणी प्यायला लावा आणि ऐकायचा तास घ्या.

एकाच सुरात गुणगुणणारी दोन-तीन पोरं प्रत्येक वर्गात असतात. त्यांना 'तू नुसते ओठ हलव' असं कधीच म्हणू नका. लहानपणी कुणीतरी असं म्हटल्यामुळं आयुष्यभर न गायलेली मोठी माणसं मला माहितीयेत. अशा पोराला सुरात असलेल्या पोराच्या शेजारी बसवा, पुढच्या रांगेत, आणि हजेरीच्या वेळी तो जो सूर लावेल त्या सुरावर आधी तुम्ही जा, तिथून त्याला हळूहळू वर आणा. बहुतेकांना सूर लागत नाही असं नसतं, आपला वरचा आवाज त्यांना सापडलेला नसतो. मी त्यांना गड्ड्याच्या यात्रेतला, म्हणजे संक्रांतीच्या आमच्या सिद्धेश्वर यात्रेतला, पाळणा वर जातानाचा 'ऊऽऽ' काढायला लावते, तो आवाज बरोबर वर जातो, तिथंच म्हणायचं, हां, इथून गा.

झील बसवायची

गाणं पक्कं झालं, म्हणजे मी न गाता वर्ग अख्खं म्हणतोय, की झील. एक छोटी ओळ घ्या, फक्त सा वर नाहीतर सा आणि प वर, चार मात्रांची. 'जी जी रं जी' चालेल, गाण्यातलाच एखादा शब्द चालेल. आधी अख्खा वर्ग झील धरतो आणि मी वरून गाणं म्हणते. मग मी झील, वर्ग गाणं. मग दोन गट. आणि मग अदलाबदल, गाणं न थांबवता, माझ्या हाताच्या खुणेवर. ही अदलाबदल पोरांना प्रचंड आवडते.

सोलापूरच्या पोरांना झीलची लय समजवायला मी गड्ड्याचं उदाहरण देते. संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज निघतात, त्यापुढं एक जण ललकारी देतो आणि हजारो माणसं 'हर्र' म्हणतात, एका क्षणी, कुणी न सांगता. कसं जमतं? सगळे ऐकत असतात म्हणून. हे म्हटलं की पोरांचे डोळेच बदलतात. ते 'हर्र' ऐकलेलं असतं ना अंगावर काटा येईपर्यंत.

आता राऊंड

सगळीच गाणी राऊंड म्हणून बसत नाहीत, आणि आपली लोकगीतं तर क्वचितच. चार ओळी एकावर एक आल्यावर जोराच्या मात्रांना एकमेकींशी जुळणारे स्वर पडले पाहिजेत, सा ग प यातलेच. म्हणून कुठल्याही लोकगीताला जबरदस्तीनं राऊंड करू नका, त्याला झीलच द्या. राऊंडसाठी वेगळी छोटी चाल घ्या. 'आर यू स्लीपिंग' ही इंग्लिश मीडियमच्या पोरांना माहीत असलेली चाल मुळात फ्रेंच, ती चार गटांचा राऊंड आहे. तिची सरगम अशी, सा रे ग सा, ग म प, मग पध पम ग सा, शेवटी सा प़ सा, प्रत्येक तुकडा दोनदा. चाल पेटीवर वाजवा, शब्द पोरांना मराठीत जोडू द्या. शेवटी खालचा प आहे म्हणून ही पांढरी चारमधून.

पण मी पहिला राऊंड भूप रागातला घेते, मुद्दाम केलेला. भूपात म आणि नि नाहीत, सा रे ग प ध एवढेच, त्यामुळं अगदी चिकटून बसणारे दोन स्वर एकावर एक येतच नाहीत, एखादं पोर चुकून पुढं-मागं झालं तरी कानाला खुपत नाही. नवशिक्या वर्गाला एवढी सूट पाहिजेच. आणि विषय आपला, चादरी विणायचा माग आणि त्यात आडवा धागा नेणारा धोटा. शब्द असे ('सां' म्हणजे वरचा सा, 'ऽ' म्हणजे थांबायची मात्रा):

माग चाले, माग चाले
सा रे ग ग । सा रे ग ग

धोटा पळे इकडून तिकडे
ग प ध प । ग प ध प

चादर विणा, चादर विणा
प प सां सां । सां सां प प

खट् खट्, खट खट खट्
सा ऽ सा ऽ । सा सा सा ऽ

प्रत्येक ओळ आठ मात्रांची, केहरव्यात बसते. पळे मधला 'ळे' चौथ्या मात्रेवर, 'इकडून' चे दोन ठोके इक-डून, 'तिकडे' चे तिक-डे. सा पांढरी दोन. लय मिनिटाला 80-90 ठोके, यापेक्षा पळवू नका, पाठलाग म्हटलं की पोरं धावतात. मात्रा धरायला एका पोराच्या हातात डिमडी नाहीतर टाळ द्या, आणि तो पोरगा गाणारा नको, नुसता धरणारा. माझ्या वर्गात पाचसहा पोरांच्या घरी नाहीतर गल्लीत माग असतो, ती धोटा कसा फेकला जातो ते हातानं करून दाखवतात, मग दुसऱ्या ओळीला अख्खा वर्ग हात इकडून तिकडे नेतो. हात स्वरांनापण लावते, सा कमरेशी, रे पोटाशी, ग छातीशी, प खांद्याशी, ध कानाशी, वरचा सा डोक्यावर. इंग्लंडात जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात हाताच्या खुणांनी स्वर शिकवायची पद्धत चालवली होती, कोदाय यांच्या पद्धतीतपण ती आहे, पण तिसरीच्या पोराला बोटांच्या खुणा लक्षात राहत नाहीत, उंची राहते.

आता बसवायचं कसं. आधी एकसुरात, सलग पाच वेळा, न थांबता, चौथी ओळ संपली की लगेच पहिली. इथं अडखळत असतील तर पुढं जाऊच नका, दुसऱ्या दिवशी बघा. मग वर्ग सुरू करतो आणि मी मागून शिरते, एका ओळीच्या अंतरानं, हळू आवाजात. पोरं हसतात, फुटतात, परत सुरू करायचं. मग उलटं, मी आधी आणि वर्ग मागून. हे जास्त अवघड, कारण शिरायच्या क्षणी कानात दुसरी ओळ चालू असते, त्यामुळं यावर जास्त वेळ द्या. त्यानंतर दोन गट, वर्गाच्या दोन कोपऱ्यांत, आपापल्या म्होरक्याकडं तोंड करून. म्होरक्या सगळ्यात मोठ्या आवाजाचं पोर नको, सगळ्यात स्थिर पोर पाहिजे, बहुतेकदा ती एखादी गप्प बसणारी मुलगी असते. दोन गटांवर आठवडाभर राहा. तीन गट मग आपोआप होतात, चारला परत थोडी ओढाताण होते.

कोपऱ्यात जमलं की गट जवळ आणा, एक एक पाऊल. मग समोरासमोर उभे. आणि शेवटी मिसळून, चालत, चारही गटांची पोरं पटांगणात कुठंही फिरतायत आणि आपापली ओळ धरून आहेत. इथपर्यंत पोहोचायला माझ्या चौथीच्या वर्गाला सहा-सात आठवडे लागतात, आठवड्याला 35 मिनिटांचे दोन तास. तिसरीला दोन गटांपर्यंतच नेते, पुरे असतं.

कान उघडे राहावेत म्हणून दोन खेळ. एक, पुतळा. मी एका गटाकडं बोट केलं की तो गट आवाज बंद करतो पण मनात चालू ठेवतो, परत बोट केलं की जिथं असायला पाहिजे तिथूनच उघडतो. सुरुवातीला कुणीच बरोबर उघडत नाही, महिन्याभरात उघडतात, आणि ते जमल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. दुसरा, डिटेक्टिव्ह. गाणं थांबवून विचारायचं, दुसरा गट, तुम्ही 'तिकडे' म्हणत होता तेव्हा पहिला गट काय म्हणत होता? उत्तर 'विणा'. पहिल्या वेळी कुणालाच येत नाही, परत गायला लावायचं, आणि आता ऐकावंच लागतं, कारण उत्तर द्यायचंय. कानात बोटं घालणाऱ्या पोरांची बोटं मी कधी हातानं काढत नाही, हा प्रश्न विचारला की ती आपोआप निघतात.

फसतं कुठं तेपण सांगते. गट एकमेकांत वाहून जातात, म्हणजे तिसरा गट नकळत दुसऱ्याबरोबर गायला लागतो. अशा वेळी थांबवू नका, हातांच्या उंचीवरून त्या गटाला त्यांचा स्वर दाखवा, नाहीच आले तर 'चौथी ओळ' एवढंच म्हणा, सगळे 'खट् खट्' वर जमतात, तिथून परत फोडा. ती ओळ मुद्दाम एका स्वराची ठेवलीय, हरवलेल्याला उभं राहायला जागा असावी म्हणून. जे पोर राऊंडला अजून तयार नाही त्याला पूर्ण वेळ तेवढीच ओळ झील म्हणून द्या. सूर उतरतो, विशेषतः 'सां' वर, तेव्हा पोरांना ओढून गायला सांगू नका, डोक्यावर हात वर न्यायला सांगा आणि आवाज लहान करा. पंखे बंद करता आले तर करा, पंख्याच्या घरघरीत पोरं ओरडून गातात. आणि आवाज वाढत चालला की मी एकच म्हणते, शेजारचा गट ऐकू येत नसेल तर तुमचा आवाज जास्त आहे.

शेवट कसा करायचा, याला दोन वाटा आहेत. साधी वाट म्हणजे प्रत्येक गटानं ठरवून तीनदा म्हणायचं आणि गप्प व्हायचं, मग गट एक एक करून कमी होत जातात आणि शेवटी चौथा गट एकटा 'खट् खट्, खट खट खट्' म्हणत राहतो, म्हणून चौथ्या गटात धीट पोरं ठेवा, एकटं पडल्यावर न बिचकणारी. दुसरी वाट मला जास्त आवडते. चारही गट आपापल्या ओळीवर असताना चौथ्या मात्रेला मी हात वर धरते, ज्याचा जो स्वर असेल तो त्यानं 'आ' करून लांबवायचा, खट् खट् वाल्यांनी आपला सा धरायचा. बरोबर त्या मात्रेला पहिल्या ओळीवाल्यांकडं ग असतो, दुसऱ्या ओळीवाल्यांकडं प, तिसऱ्या ओळीवाल्यांकडं वरचा सा. पहिल्यांदा हे लागलं तेव्हा पोरं गाता गाताच एकमेकांकडं बघायला लागली, आणि मी हात खाली घेतल्यावर मागच्या रांगेतला एक पोरगा म्हणाला, बाई, परत एकदा धरा की तिथंच.